तीन उन्हाळ्यांचे पाणी

शांतव्वा हत्तुरे यांनी सोलापुरात तीस वर्षे बालवाडी चालवली. दर जूनमध्ये त्या मुलांच्या हातून मागच्या माळावर कडुनिंबाची रोपे लावून घेत. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागे, पाणी घालायला कुणी उरत नसे आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपे जात. हा आपलाच प्रमाद, हे त्यांना फार उशिरा उमगले.

म्हणून निपुत्रिक शांतव्वा आपली सारी ठेव त्या माळाच्या नावे मृत्युपत्रात लिहू लागल्या, तेव्हा पुतण्या सोमशेखर अस्वस्थ झाला. या थोरल्या काकूला तो दोड्डव्वा म्हणे आणि तिच्या दिवंगत नवऱ्याला दोड्डप्पा.

"दोड्डव्वा, समाधीपुरतं तरी राखून ठेव. दोड्डप्पाची दगडी हाय, अन् शेजारी तुझी मातीची? लोक मला हसतील की."

त्या थबकल्या. रुद्रभूमीत, समाजाच्या दफनभूमीत, पतीशेजारी आपलाही तसाच दगड असावा, एवढीच हौस त्यांनी आयुष्यभर बाळगली होती.

"हसू देत. पोरांकडून मी नुसते खड्डेच भरून घेतले, सोमू."

'वृक्षारोपणासाठी' हा शब्द खोडून त्यांनी लिहिले, 'पहिले तीन उन्हाळे झाडांना पाणी घालणाऱ्याच्या मजुरीसाठी.' मग त्याखाली सावकाश जोडले, 'समाधीला दगड नको. तो खर्चही यातच घालावा.'