तांब्याचा चुरा

आयटीच्या नव्या पगारावर घेतलेली वेगवान गाडी मी रोज सकाळी थंड इंजिनावरच पिटाळायचो. एकदा ऑइल बदलताना वारज्यातल्या मिस्त्रींनी जुना फिल्टर कापून उन्हात धरला. आत तांब्याचा चुरा चमकत होता.

"कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजलीत. बदला, नाहीतर रॉड इंजिन फोडून बाहेर येईल."

"चालतेय ना?" मी खेकसलो.

"चालतेय, म्हणूनच सांगतोय."

तडकून निघालो आणि महिन्याभरात गाडी ऑफिसातल्या मित्राच्या गळ्यात मारली. चुऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिल्याच रविवारी तो बायको-मुलीला घेऊन आला, मलाही लोणावळ्याला चल म्हणाला. एक्स्प्रेसवेवर वेग वाढला तशी खालून टकटक सुरू झाली.

"कसला आवाज रे?" त्याने विचारलं.

मी गाण्याचा आवाज वाढवला.