विमानात धरलेली जागा

संध्याकाळची वंदना झाली की आम्ही पाच जणी, कौसाबाई, वच्छला, गया, सुमन आणि मी, विहाराच्या ओट्यावर बसतो. एकीनं गोष्ट काढली की बाकीच्या चौघी आपापली घेऊन तयारच असतात. श्रीलंकेला विमानानं जाऊन आल्यापासून तर विचारूच नका. हरवली होती एक पिशवी, गोष्टी जमल्या पोतंभर. आणि प्रत्येकीची वेगळी. कौसाबाई म्हणते, तू तिखटमीठ लावते. वच्छला म्हणते, मी तिथं रडलेच नव्हते. असो. लिहायचा कंटाळा नसलेली मी एकटी, म्हणून मी लिहीन ती खरी.

शाळेत मी गेले नाही. अक्षरं चिखलीच्या एसटी स्टँडवर शिकले. अमडापूरला माहेरी जायचं तर खामगावच्या गाडीची पाटी ओळखावी लागायची. कोणाला विचारलं तर अंगावर यायचे, जसं काही मी त्यांच्या घरातलं पाणी मागून राहिले. एकदा-दोनदा ऐकून घेतलं. मग पाट्याच वाचायला लागले.

*

पासपोर्टच्या चौकशीला एक माणूस घरी आला. मी दारातच लसूण सोलत बसले होते. माझ्या डोक्यावरून त्यानं आत प्रमोदला विचारलं, "म्हातारीला ऐकू येतं का?" प्रमोद म्हणजे माझा मुलगा, बुलढाण्याला सरकारी नोकरीत आहे.

मी म्हटलं, "मलेच विचारा ना भाऊ. मले येते का नाही, ते मले जास्त मालूम."

मग दुसरा प्रश्न, तोही प्रमोदलाच. "बरोबर गडी माणूस कोण आहे?" हा प्रश्न पुढं मला इतक्या ठिकाणी ऐकावा लागला की कान किटले. गडी माणूस बरोबर नसला तर विमान काय धक्का मारून चालू करावं लागते?

शेवटी सहीची वेळ आली. त्यानं न विचारता शाईचा पॅड काढला, झाकण उघडलं आणि माझ्या अंगठ्यासमोर धरला. मी त्याच्या खिशातला पेन काढून घेतला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, काना-मात्रा न सोडता सगळं लिहिलं. तो पॅड धरून तसाच उभा.

"झाका ते," मी म्हटलं. "वाळून जाते."

*

पासपोर्ट आला. मी नीट पाहिलाही नव्हता, तेवढ्यात प्रमोदनं हातातून घेतला.

"आई, हा माझ्या कपाटात ठेवतो. तुझ्याकडून हरवेल. आणि एक सांगून ठेवतो, हा हरवला की संपलं. पुन्हा बाहेर पडायचं नाव काढायचं नाही."

म्हणजे पाहा. वस्तू माझी, फोटो माझा, सही माझी, आणि कुलूप याचं. हा पोरगा लहानपणी दर जत्रेत हरवायचा. मी दर वेळी शोधून आणला. त्याला काही मी कपाटात नाही ठेवला.

पण त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. हरवला की संपलं. पन्नास वर्षं मी घर, वावर आणि चूल यांच्यात फिरले. आता कुठं बाहेरचं दार किलकिलं झालं होतं, तर याच्या हातात कडी.

*

सहल काढली होती इंगळे गुरुजींनी. रिटायर हेडमास्तर, विहाराच्या समितीचे सचिव. आम्ही पाच बायका आणि ते एकटे गडी माणूस. त्यामुळे सगळ्यांच्या घरचे निर्धास्त.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. दहा जण एसटीनं निघाले तर तिकिटं एकच जण काढतो आणि सगळ्यांची स्वतःच्या खिशात ठेवतो. कंडक्टर आला की लांबूनच हात फिरवून सांगतो, "हे एवढे माझे." गुरुजींनी तीच रीत विमानाला लावली. घरूनच सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि एका कापडदुकानाच्या पिशवीत टाकले. प्रमोदनंही माझा त्यांच्याच हातात दिला. मी शेजारीच उभी होते बरं का.

मुंबईच्या विमानतळावर दारातल्या शिपायासमोर गुरुजींनी हात फिरवला. "हे एवढे माझे."

शिपाई म्हणाला, "ज्याचा त्याच्या हातात द्या."

मग सुरू झाला तमाशा. दारात वाटायचे, आत गेलं की गोळा. काउंटरवर वाटायचे, पुढं गोळा. परीक्षेचे पेपर जसे. एकदा कौसाबाईच्या हातात वच्छलाचा गेला. साहेब फोटो पाहतो, कौसाबाईकडे पाहतो, पुन्हा फोटो पाहतो. कौसाबाई म्हणाली, "पाह्य बाबू, निवांत पाह्य. मी कुठी पळून नाही राह्यली."

शेवटच्या तपासणीनंतर मी माझा परत दिला नाही.

"अक्का, हट्ट करू नका," गुरुजी म्हणाले. "जबाबदारी माझी आहे."

"मंग तुमची जबाबदारी तुमच्यापाशी ठेवा. माहा पासपोर्ट माह्यापाशी राहू द्या."

सगळी रांग आमच्याकडे पाहायला लागली. कौसाबाईच कुजबुजली, "दे ना वं माय. काऊन शोभा करून राह्यली?"

दिला. दात-ओठ खाऊन दिला.

*

विमानात आमच्या पलीकडे पुण्याचा एक तरुण बसला होता. आम्ही दशम्या सोडल्या, ठेच्याचा वास सुटला, गप्पा सुरू झाल्या. तो कानातलं यंत्र काढून हसत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आजी, काय मजेशीर बोलता हो तुम्ही. अजून बोला ना."

कौसाबाईनं घास गिळला, पाणी प्याली, मग त्याच्याकडे वळली.

"तिकीट काढलं का रे बापू ऐकाचं?"

त्यानं यंत्र पुन्हा कानात घातलं. वच्छलानं त्याला दशमी दिली, ती मात्र त्यानं खाल्ली.

*

आता पिशवीचं. विमान अर्धं रिकामं होतं. गुरुजी मधल्या खुर्चीत होते आणि त्यांना उतरताना समुद्र पाहायचा होता. दोन रांगा पुढं खिडकीची जागा रिकामी दिसली. एसटीत आपण काय करतो? खिडकीतून रुमाल टाकतो. टोपी टाकतो. लेकरूही टाकतात काही जण. जागा धरली की धरली. गुरुजींनी हातातली पिशवी त्या खुर्चीवर टाकली, जागा धरली, आणि दशम्या इकडे होत्या म्हणून जेवायला परत आले. जेवले. झोपले. असे झोपले की विमान टेकलं तेव्हा घोरणं थांबलं.

उतरताना खुर्चीवर मोकळं सामान ठेवायचं नसतं. विमानातल्या पोरींनी येऊन ते उचललं असणार, वरच्या फळीवर ठेवलं असणार. गुरुजी उठले ते घाईनं सगळ्यांच्या पुढं. "चला, चला, कोणी मागं राहू नका."

कोणी मागं राहिलं नाही. राहिले ते पासपोर्ट.

*

कोलंबोला तपासणीच्या रांगेत गुरुजींचा हात पिशवी शोधायला गेला आणि तसाच राहिला. चेहरा उतरला. खिसे पाहिले, बॅग पाहिली, आमच्या बॅगा पाहिल्या. मग आमच्याकडेच वळून म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाकडे दिली मी?"

वच्छला रडायला लागली. (ती नाही म्हणते. रडत होती.) तिथल्या साहेबानं आम्हाला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं. गुरुजींचं इंग्रजी त्याच्याशी सुरू झालं. सगळं काही कळलं नाही, पण 'लेडीज' हा शब्द कळला आणि तो म्हणताना गुरुजींनी आमच्याकडे केलेला हात दिसला. पुण्याचा तो पोरगा रांगेत होता. त्यानं येऊन हळूच सांगितलं, "आजी, ते म्हणतायत की लेडीजच्या गोंधळात हरवली. पासपोर्ट मिळाले नाहीत तर याच विमानानं परत पाठवतील."

लंका राहिली बाजूला. मला प्रमोद दिसायला लागला, कपाटाची किल्ली हातात घेऊन उभा. परत गेले असते तर पुन्हा कोणी मला चिखलीच्या वेशीबाहेर एकटी सोडणार नव्हतं. आणि हरवणारी कोण, तर मी. जिच्या हातात तो धड टेकलाही नव्हता.

तेवढ्यात वच्छला हुंदके देत म्हणाली, "म्या पाह्यलं ना. पुढच्या शीटावर टाकली त्याहिनं. जागा धरली."

"मंग सांग ना त्या सायबाले."

"कोण्या भाषेत सांगू?"

गुरुजी म्हणाले, "तुम्ही मध्ये बोलू नका, मी बोलतो आहे ना." तेव्हा माझं डोकं सटकलं.

मी उठले. कमरेचा रुमाल काढला. साहेबाच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तो लांबूनच टाकला, अगदी एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. मग वर उडत्या विमानाचा हात केला. मग गुरुजींकडे बोट दाखवलं. मग गाल हातावर ठेवून घोरून दाखवलं.

साहेब माझ्याकडे पाहत राहिला. मग इतका हसला की त्याला टोपी काढावी लागली. त्यांच्याकडच्या बसमध्येही तसंच चालत असणार. त्यानं लगेच फोन उचलला.

पिशवी आली. गुरुजींनी दोन्ही हात पुढं केले. साहेबानं दिली नाही. एकेक पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. आम्ही पाची जणींनी तिथंच, त्याच्यासमोर, पोलक्यात घातला. त्यानंतर दाखवण्यापुरते सोडले तर पासपोर्ट तिथून हलले नाहीत. परतीला मुंबईत गुरुजींनी सवयीनं हात पुढं केला, तेव्हा कौसाबाईनं त्यात बडीशेप ठेवली.

*

अनुराधपूरला बोधिवृक्षापाशी बसलो. तिथलं मी या गोष्टींत घालणार नाही. एवढंच सांगते, की गडी माणूस बरोबर कोण, हे तिथं कोणी विचारलं नाही.

*

पण पहिल्याच दिवशी हॉटेलात पोचेपर्यंत गुरुजींचा निरोप विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला होता. 'महिलांच्या गडबडीमुळे पासपोर्ट विमानात राहिले होते. अथक प्रयत्नांनी परत मिळवले. सर्व सुखरूप.'

लगेच प्रमोदचा फोन. "सांगितलं होतं ना तुला, हरवेल म्हणून?"

"माह्या हातात कधी होता रे तो?"

"ते काही नको सांगू. आता बस झालं. घरी आलीस की तो माझ्याकडे द्यायचा."

अथक प्रयत्न म्हणे. घोरायला काय कमी कष्ट पडतात?

*

आणि आता सत्काराचं.

आम्ही परत आलो. प्रमोद पासपोर्ट मागत राहिला, मी आज देते, उद्या देते करत राहिले, तेवढ्यात समितीनं सत्कार ठेवला. कोणाचा? गुरुजींचा. परदेशात प्रसंगावधान राखून पाच वयोवृद्ध महिलांना सुखरूप परत आणल्याबद्दल शाल आणि हार. वयोवृद्ध महिला सतरंजीवर, मागं. प्रमोद पुढच्या खुर्चीत. त्याच आठवड्यात सुमनची सून आम्हाला मोबाइलवर थायलंडची तिकिटं कशी पाहायची ते शिकवत होती, त्यामुळे आम्ही जरा त्याच नादात बसलो होतो.

गुरुजी बोलायला उठले. प्रवास, अडचणी, जबाबदारी, सगळं झालं. मग म्हणाले, "झालेल्या प्रकारातून धडा घेऊन समितीनं ठरवलं आहे, की महिलांचे पासपोर्ट यापुढं विहाराच्या कपाटात राहतील. किल्ली माझ्याकडे. घरच्या मंडळींचीही याला संमती आहे."

प्रमोदनं मान हलवली. गुरुजी म्हणाले, "आजच जमा करून घेऊ. कौसाबाई, या."

कौसाबाई सतरंजीवरून उठली. पदर नीट केला.

"माहा त हारपला गुरुजी."

"हरपला? कधी?"

"मालूम नाही. होता. आता नाही."

गुरुजींनी शाल सावरली. "वच्छलाबाई?"

"माहाबी हारपला."

गया आणि सुमन सख्ख्या जावा. त्या एकदमच उठल्या. गया म्हणाली, "आमचे दोघीचे संगंच हारपले."

प्रमोद खुर्चीतून उठला आणि मागं वळून माझ्याकडे पाहायला लागला.

"आई, तुझा?"

पोलक्यातल्या पासपोर्टचा कोपरा केव्हाचा टोचत होता. मी बसल्या जागी जरा सरकून बसले.

"हारपला."

"कुठं हरवला?"

मी कौसाबाईकडे हात केला, वच्छलाकडे केला, गया-सुमनकडे केला.

"याहिचे जठी हारपले, तठीच."