आधी बापाला फोन लाव

आमच्या कालिम्नोस बेटावर लग्नाच्या पावाची कणीक मळायची ती आईबाप दोघेही हयात असलेल्या मुलीनेच. थेमेलिनामावशीने सतराव्या वर्षी थोरल्या बहिणीचा पाव मळला, तेव्हा तिचा बाप आफ्रिकेच्या किनाऱ्याला स्पंज काढायला गेला होता. महिन्याने होडी परतली, ती त्याच्याशिवाय. पाव मळला त्याच्या चार दिवस आधीच समुद्राने त्याला ठेवून घेतलं होतं. वर्षभरात बहीण बाळंतपणात गेली. मावशीला कुणी काही बोललं नाही. पण तिने पुन्हा लग्नाच्या कणकेला हात लावला नाही, स्वतःचं लग्नही केलं नाही. रिकाम्या काथवटीत कुणीतरी मळत असल्याचा आवाज येतो, म्हणायची.

नाटक सोडून मी गावी परतलो, लोकपरंपरा मंडळात शिरलो, तेव्हा लग्नाच्या पावावर कणकेची वेल आणि पाखरं घडवता येणारी ती एकटीच उरली होती. वय एक्क्याऐंशी. सहा वर्षं मी तिच्या विनवण्या केल्या. शेवटी मंडळातल्या सेवास्तीच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि मावशी मंडळाच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. "सांगेन, शिवणार नाही," म्हणत उंबऱ्यावरच बसली.

सेवास्तीने बाह्या वर सारल्या.

"थांब. आई सकाळीच दिसली मला. बाप कुठंय तुझा?"

"जहाजावर, मावशी. नेहमीसारखा."

"फोन लाव."

"अगं, रविवारीच बोललो आम्ही!"

"आज गुरुवार आहे. लाव."

घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. दहा वेळा लावला. आंबवण फुगून भांड्याच्या काठाशी आलं. सेवास्तीचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"मावशी, फार आंबेल हो ते," मी म्हणालो.

"गप रे नाटक्या. तुझं मरण खोटं असायचं. पडदा पडला की उठायचास."



दुपारी दोनला फोन उचलला गेला. "काय गं, आग लागली की काय? आत्ता कुठे डोळा लागला होता!"

सेवास्ती हसता हसता रडली. मावशीने तिच्याकडून फोन मागून घेतला. "पाव होईपर्यंत बोलत राहा रे," तिने त्याला बजावलं, आणि फोन कानाला धरून, दुसऱ्या हाताचं बोट हवेत फिरवत शिकवू लागली. "देठ बारीक कर. चोच खाली गं, पाणी पितंय ते."

शेवटचं पाखरू वेलीवर बसलं, तसा मी फोन घ्यायला वाकलो. पडदा काळा होता. बॅटरी कधीच संपली होती.

मावशी मात्र मान डोलावत ऐकत होती.

"हो, बाबा," ती सतरा वर्षांच्या पोरीसारखी हळूच म्हणाली, "झालाच आता."

मी हात मागे घेतला.