पाखरांची डॉक्टरीण आणि दोनवर अडकलेला मेजर

“पाठीवरून हात फिरवता का त्याच्या?”

“फिरवतो की. रोज फिरवतो.”

“कुठून कुठपर्यंत?”

“मानेपासून पार शेपटीपर्यंत. अंग मोकळं व्हायला नको? मेहनतीचं शरीर आहे त्याचं.”

“आणि तो काय करतो तेव्हा?”

“पंख सैल सोडतो. डोळे मिटतो. कधीकधी खाल्लेलं बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवतो. जीव आहे हो त्याचा माझ्यावर.”

“हं,” डॉक्टरीण म्हणाली आणि तिने तोंड फिरवून औषधांच्या कपाटाकडे बघितलं. हसू आलं की ती कपाटाकडे बघते. जुन्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे. हा गडी नवा होता.

गडी म्हणजे व्यायामशाळेचा उस्ताद. मान आणि डोकं एकाच जाडीचं, आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. टेबलावर पिंजरा, आणि पिंजऱ्याच्या तळाला अंग फुगवून बसलेला राखी रंगाचा, लाल शेपटीचा पोपट. त्याचं नाव मेजर. कालपासून दाण्याला चोच लावली नव्हती. उस्तादच्या मागे त्याची बायको हातात पिशवी घेऊन उभी होती. ती आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

ही डॉक्टरीण पाखरांची. म्हणजे पाखरं, कासवं, ससे, सरडे, साप, उंदराच्या जातीतलं काहीबाही, सगळ्यांचीच. कुत्रं, मांजर, गाय-म्हैस मात्र नाही. जनावरांच्या कॉलेजात असताना एका गाईने तिला लाथ घातली आणि ती शेणाच्या ढिगात जाऊन बसली. उठली तेव्हा विचार पक्का झाला होता, की यापुढे आपल्यापेक्षा हलकं असेल तेवढंच तपासायचं. बरोबरीच्यांनी चेष्टा केली. आईने तर डोक्याला हात लावला. परसातल्या कोंबड्या विकून लेकीला शिकवलं, आणि लेक शिकून परत कोंबड्यांकडेच आली. “अगं, मग कोंबड्या तरी कशाला विकल्या मी?” हे ती आजही ऐकवते.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. जेवायला बसायच्या आधी तो बायकोची कॉलर, खिसे आणि केस तपासून घेतो. एकदा वरणात पाल पडली म्हणून त्याने आरडाओरडा केला होता. ती पाल नव्हती, पेशंट होता.

दवाखाना म्हणजे किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. आतली तपासायची, बाहेरची बसायची. बाहेरच्या खोलीवर आईचं राज्य. तिथे कोण आधी आलं याला काही किंमत नाही. कोण कोणाला खातं यावर बसायची जागा ठरते. खाणारे खिडकीखालच्या बाकावर, खाल्ले जाणारे दाराजवळच्या बाकावर, आणि मधे जुनी चादर टांगलेली. कोणी नवखा हुज्जत घालायला लागला की आई सरळ विचारते, “तुमचं काय आहे? ससा? मग इकडे या. तिकडे अजगर बसलाय, त्याने तुमच्याकडे बघितलेलं चालेल का?” माणूस मुकाट्याने येऊन बसतो. कासव कुठेही बसतं. कासवाला आई हिशेबात धरत नाही.

त्या दिवशी उस्ताद पिंजरा घेऊन आला आणि आईने त्याला दाराजवळ बसायला सांगितलं. खाल्ल्या जाणाऱ्यांच्या बाकावर. उस्तादला ते फार लागलं.

“आमचा मेजर कोणाला भीत नाही,” तो म्हणाला.

“त्याला कोणी विचारलंय? बसा,” आई म्हणाली.

मेजर म्हणजे व्यायामशाळेचा आत्मा. रस्त्यावरच्या पाटीवर त्याचंच चित्र आहे. रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात पोपटाला दंडही काढलेत, बेडक्या फुगवलेले. चित्राखाली ठळक अक्षरात, ‘फक्त पुरुषांसाठी. बायकांनी दारात थांबू नये.’ आत मेजर दांडीवर बसून बैठका मोजतो. एक म्हणतो, दोन म्हणतो, मग पुन्हा दोन, पुन्हा दोन. तीन तो म्हणतच नाही. आणि मेजरने तीन म्हटल्याशिवाय कोणी थांबायचं नाही, हा उस्तादचा नियम. त्यामुळे तिथल्या पोरांच्या मांड्या खांबासारख्या झाल्यात आणि अर्धी पोरं जिना उतरताना उलटी उतरतात.

नंबर लागल्यावर डॉक्टरणीने पिंजरा टेबलावर ठेवून घेतला, “आलेच” म्हणाली आणि पडद्यामागे जाऊन चहा प्यायला लागली. ही तिची रीतच आहे. पाखरू माणसासमोर आजारी दिसत नाही. रानात जो आजारी दिसतो त्याला कोणीतरी उचलतं, म्हणून अंगात त्राण नसलं तरी ते ताठ बसतं. माणूस नजरेआड झाला की मग खरं दुखणं दाखवतं. पडद्याला तिने डोळ्याएवढं भोक पाडून ठेवलंय. बाहेर गिऱ्हाईक चडफडतं, की आमचा जीव टांगणीला आणि ही बाई फुरके मारतेय, आणि ती फुरके मारत मारत निम्मा आजार ओळखते.

भोकातून तिला दिसलं, की उस्तादने क्षणभर पाठ वळवताच मेजर दांडीवरून खाली उतरला, पाय फाकवून बसला आणि शेपूट वरखाली करत कुंथायला लागला.

चहा तसाच ठेवून ती बाहेर आली. मेजरला टॉवेलात गुंडाळून तिने पोट चाचपलं, मग पाठीवरून हात फिरवण्याचे ते प्रश्न विचारले, आणि कोपऱ्यातल्या यंत्रावर त्याचा एक्स-रे काढला.

“उस्ताद, हे बघा,” यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून ती म्हणाली. “हे पांढरं, गोल. अंडं आहे. अडकलंय.”

उस्तादने बघितलं. बराच वेळ बघितलं.

“गोटी असेल,” तो म्हणाला.

“एवढी मोठी?”

“मग टेबल टेनिसचा चेंडू असेल. पोरं खेळतात बाजूला.”

“गळ्यातून कसा उतरेल?”

“ताकद आहे त्याच्यात.”

“उस्ताद, मेजर मादी आहे. या जातीत नर-मादी वरून ओळखू येत नाहीत, त्यामुळे तुमची चूक नाही. पण अंडं बाहेर आलं नाही तर ती मरेल. आज संध्याकाळ काही ती बघणार नाही. मी आता इंजेक्शन देते, कॅल्शियमचं, आणि—”

“बायकांचं इंजेक्शन माझ्या मेजरला द्यायचं नाही.” उस्तादने पिंजऱ्यावर दोन्ही हात ठेवले. “पाटीवर चित्र आहे त्याचं. दुसऱ्या डॉक्टरला दाखवतो.”

“दाखवा की. दुसरा डॉक्टर तालुका ओलांडून आहे. पोचेपर्यंत पिंजरा तेवढा दाखवता येईल.”

उस्तादचे हात पिंजऱ्यावरच राहिले, पण त्यातला जोर गेला. त्याची हनुवटी हलायला लागली. एवढा मोठा गडी, आणि रडू कोंडलं की त्याचे कान हलत होते.

तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला. आधी वाटलं बाई रडतेय. बघतात तर उस्तादची बायको पिशवी तोंडाशी धरून हसत होती.

“मला कधी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही,” ती म्हणाली. “डबा द्यायला गेले तरी रस्त्यावरून. बाईची सावली पडली की पोरांची ताकद जाते म्हणे. आणि ही बया आत बसून सगळ्यांना उठाबशा काढायला लावत होती.”

“अगं, गप बस.”

“गप बसते. पण आधी इंजेक्शन द्यायला सांगा. बाईमाणूस अडलंय आणि तुम्ही पाटीचं काय घेऊन बसलात.”

उस्तादने पिंजऱ्यावरचे हात काढले. “द्या,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

डॉक्टरणीने मेजरच्या छातीत सुई दिली, अंडं सरकावं म्हणून मागच्या बाजूला बुळबुळीत जेल लावलं आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीत गरम दिवा, एक बुटकी दांडी, खाली ओले गरम टॉवेल, वरून काळं फडकं. ऊब, दमट हवा आणि शांतता, बास. बाकीचं काम पाखराने करायचं.

ऊब होती, दमट हवाही होती. शांतता मात्र उस्तादमुळे शक्य नव्हती. तो दर मिनिटाला फडकं उचलून “मेजर, घाबरू नकोस,” असं त्या आवाजात सांगायचा, की पेटीतलं पाखरू दचकून कोपऱ्यात जायचं. डॉक्टरणीने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, “उस्ताद, तुमच्या मदतीशिवाय हे होणार नाही. बाहेरच्या खोलीत जा आणि बैठका मारा. तिला सवय आहे ना? तुमचा श्वास ऐकला की तिला जोर येईल. तोंडाने मात्र अवाक्षर काढायचं नाही.”

यात तथ्य कवडीचं नव्हतं. तिला फक्त हा माणूस पेटीपासून लांब हवा होता.

उस्तादने सदरा काढून बायकोच्या हातात दिला आणि दोन्ही बाकांच्या मधे, चादरीला लागून उभा राहिला. बैठका सुरू झाल्या. दाराजवळच्या बाकावर सशाला मांडीवर घेऊन शाळेच्या एक बाई होत्या, त्यांनी सशाचे डोळे झाकले. खिडकीखाली अजगरवाला होता. त्याने आईला विचारलं, “यांना काय झालंय?”

“बाळंतपण,” आई म्हणाली.

आतून हलका आवाज आला. “एक.”

सगळ्यांनी माना आतल्या दाराकडे वळवल्या. उस्ताद खाली बसून वर आला.

“दोन.”

मग पुन्हा दोन. पुन्हा दोन. उस्ताद मारत राहिला. घाम फरशीवर टपकायला लागला तशी आईने पायपुसणं पुढे सरकवलं. “दोन,” आतून आवाज, आता जरा खोल गेलेला. उस्तादच्या मांड्या लटपटायला लागल्या. आपण पोरांना रोज काय करायला लावतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. अजगरवाला म्हणाला, “थांबा की जरा.” उस्तादने नुसती मान हलवली. त्याचा नियम त्यानेच केलेला, मोडणार कसा? आणि थांबलो तर आत मेजरही थांबेल, अशी त्याला धास्ती.

आत डॉक्टरीण फडक्याची कड उचलून एका डोळ्याने बघत होती. औषध लागू पडलं होतं. मेजरने पाय फाकवले, मान खाली घातली, चोच उघडली. ती हाताला जेल लावून तयार उभी होती, पण हात लावायची वेळ आली नाही. टॉवेलवर पांढरंशुभ्र काहीतरी टपकलं.

आणि मग, श्वास घेऊन, जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते मेजर म्हणाली.

“तीन.”

बाहेर उस्ताद जिथल्या तिथे फरशीवर बसला. उठायला गेला तर पाय उठेनात. अजगरवाल्याने एका काखेत हात घातला, शाळेच्या बाईंनी ससा बाकावर ठेवून दुसऱ्या काखेत घातला, आणि असा लोंबकळत तो आत आला. पेटीत मेजर थकून, पण दांडीवर बसली होती. खाली अंडं.

“तीन म्हणाली,” उस्ताद म्हणाला. “ऐकलंत ना? तीन म्हणाली.”

“ऐकलं,” डॉक्टरीण म्हणाली. “आता माझं ऐका. हे औषध रोज पाण्यातून. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया बंद, पाला आणि भाज्या सुरू. बसायला अंधारी जागा कुठली आहे तिला?”

“हातमोज्यांचं खोकं. दुपारी त्यात झोपते.”

“ते हलवा. ते तिचं घरटं आहे. आणि पाठीवरून हात फिरवणं आजपासून बंद. हवं तर डोक्याला खाजवा. पाठीवरून हात फक्त जोडीदार फिरवतो. तिच्या लेखी तुम्ही तिचे नवरे आहात, उस्ताद. ते खाल्लेलं काढून देते ना, तो तुमचा संसार आहे.”

डॉक्टरणीने कपाटाकडे बघितलं. यावेळी बराच वेळ बघितलं.

उस्तादच्या बायकोने सदरा नवऱ्याच्या खांद्यावर टाकला. “म्हणजे सवत,” ती म्हणाली. “आणि मी पोपटाच्या जेवणाला रोज चटणी वाटत नाही म्हणून बोलणी खात होते.”

“काकू, तुमची मदत लागेल,” डॉक्टरीण म्हणाली. “हिला दिवसभर एकट्या उस्तादांच्या ताब्यात ठेवलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा हेच. दाणापाणी दुसऱ्या माणसाने करायला हवं. तिथेच बसून. म्हणजे जीव वाटला जाईल.”

“व्यायामशाळेत बसून?” उस्तादने विचारलं.

“जिथे मेजर, तिथे.”

उस्तादने बायकोकडे बघितलं, मेजरकडे बघितलं, मग स्वतःच्या थरथरणाऱ्या मांड्यांकडे. पाटीचा विचार त्याच्या चेहऱ्यावर आला आणि गेला.

“किती वाजता उघडता?” बायकोने विचारलं.

“पहाटे,” तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याला खालचा आवाजही आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मग डॉक्टरणीला म्हणाला, “बाई, एक विनंती आहे. हे बाहेर कोणाला कळायला नको.”

बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज येत होता. “नाही हो, पोपट नाही, पोपटीण. आणि बैठका यांनी मारल्या.” जिन्यात नुकताच कोणी नवा आला होता, त्याला सगळं पहिल्यापासून सांगणं चाललं होतं. खालचा किराणावाला ऐकायला अर्धा जिना वर आला होता.

उस्तादने अंडं रुमालात बांधून मागितलं. डॉक्टरणीने दिलं. आईने दारात अडवून विचारलं, “उकडणार का?” त्याने रुमाल जपून सदऱ्याच्या खिशात ठेवला. एका हाताने कठडा धरून तो उलटा जिना उतरला. पिंजरा बायकोने घेतला होता.

डॉक्टरणीने पेटी पुसली, टॉवेल बादलीत टाकले, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“अगं, अजगर पाठवू का ससा?” आईने विचारलं.

“आधी ससा. दात वाढलेत त्याचे, घासून कमी करायचेत, वेळ लागेल. आणि अजगराच्या पिशवीची गाठ बघून घे.”

“बघितली की मघाशी.”

“पुन्हा बघ.”

बाहेर पिशवी झटकल्याचा आवाज आला. “अगं, रिकामी आहे ही,” आई म्हणाली. मग शाळेच्या बाई सशाला छातीशी धरून पटकन आत आल्या, आणि डॉक्टरणीने ड्रॉवरमधून साप धरायचा लांब दांड्याचा चिमटा काढला.