टीव्हीतली मेंढरं

आमच्या परभणीच्या घराच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे. मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि तिच्यातलं त्याचं अभ्यासाचं टेबल रिकामं झालं. त्या टेबलावर मी मागं पोट असलेला जुना टीव्ही ठेवला आणि त्याला लहानपणीचा, कॅसेटवर चालणारा व्हिडिओ गेम जोडला. बायको म्हणाली, "पन्नाशी आली आता." मी म्हणालो, "म्हणूनच." तिनं पुढं काही विचारलं नाही. मात्र रविवारी दुपारी चौघांपुरती, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणीची सुशीला वर येऊ लागली.

चौघं म्हणजे मी, पिंगळीचा मिस्त्री, वालूरचा दुकानदार आणि ताडकळसचा ड्रायव्हर. मी शाळेत शिकवतो, म्हणून तिघंही मला सर म्हणतात. मिस्त्री आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता मोबाइल करतो. कॅसेटमध्ये कुणी फुंकर मारलेली त्याला चालत नाही. "थुका उडतो, गंज चढतो," असं म्हणत तो स्पिरिटचा बोळा फिरवतो. दुकानदाराचं किराणा आणि स्टेशनरीचं दुकान आहे. माळ्यावर पडलेल्या जुन्या कॅसेटींचं एक खोकं त्यानंच आणलं. ड्रायव्हर मालवाहू टेम्पो चालवतो, आणि आठवडी बाजारात भंगारवाल्यांकडून कॅसेटी उचलून आणायचं काम त्याचं.

हा गेम लहानपणी खेळलेल्यांना ठाऊक असेल, की या कॅसेटींवर लिहिलेलं काहीच खरं नसतं. वर छापलेलं असतं, आत लाखो गेम. आत असतात पाच-सात, तेच वेगवेगळ्या नावांनी पडद्यावरच्या नंबरवार यादीत पानामागून पान भरलेले. कुठं गाडीचा रंग बदललेला, कुठं सुरुवातच तिसऱ्या टप्प्यापासून. पण कधीकधी शंभर वेळा तेच तेच दिसल्यावर मधेच एखादा कधी न पाहिलेला गेम निघतो. नाव एकाचं, आत दुसराच. त्यासाठी आम्ही एक नियम केला होता. एकही नंबर गाळायचा नाही, चौघं असल्याशिवाय पान उलटायचं नाही, आणि प्रत्येक नंबरवर प्रत्येकाची एक बारी. खोकं माझ्या घरी राहायचं. हा त्यांचा माझ्यावरचा विश्वास होता.

असं क्रमानं सगळं धुंडाळायचं मूळ कारण ड्रायव्हर होता. तो मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहानपणी एकदा बापाबरोबर बोकड विकायला परभणीला आला असताना स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्यानं दारातून डोकावून एक गेम पाहिला होता. "टोपीवाला मानूस व्हता, हातात काठी. म्होरं पांढरी मेंढरं. मदी नाला. मेंढरं नाल्यात जाऊ द्यायची न्हाईत, वाड्यात घालायची. मी डोळ्यानं बघितलंय." दुकानवाल्यानं हाकललं तोवर त्यानं एवढं पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं, तर सगळा वर्ग हसला. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराला टीव्हीतबी मेंढरंच दिसत्यात, म्हणाले. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत त्याचं नाव थापाड्या.

हे त्यानं आम्हाला अगदी पहिल्या रविवारी सांगितलं. हसत सांगितलं, पण सुशीलेची ताटली हातात तशीच राहिली होती.

मग आमचंही सुरू झालं. नवीन नंबर लागला की मिस्त्री विचारायचा, "आली का रे मेंढरं?" ड्रायव्हर म्हणायचा, "येतील की, वाट चुकली असतील." दुकानदार म्हणायचा, "लांडग्यानं खाल्ली." मीही हसायचो. यात दुष्टपणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण हसणं ते हसणंच.

एके दिवशी दुकानदार जांभई देत म्हणाला, "ह्या पाव्हण्याची मेंढरं सापडली की आपलं गंगेत घोडं न्हालं. मग मी आपला रविवारी दुकान उघडतो." मिस्त्रीही म्हणाला, त्यालाही रविवारची गिऱ्हाइकं सोडावी लागतात. बोलणं तिथंच थांबलं. माझ्या मनातलं थांबलं नाही. मुलाचा फोन आठवड्यातून एकदा येतो, तोही बायकोच्या फोनवर. शाळेत मी काय बोलायचं ते पुस्तकातच लिहिलेलं असतं. रविवार गेला तर माझ्याकडं काय उरतं, याचा मी नको इतका विचार केला.

त्यानंतर एका बुधवारी शाळा लवकर सुटली. मिस्त्रीनं सुटलेली तार झाळून जोडलेली आमची चालू कॅसेट नीट लागते का, एवढंच बघायला मी वर गेलो. लागली. मग अंगठा बटणावरून उठेना. जिथं आम्ही थांबलो होतो त्याच्या पुढचं एक पान उलटलं, मग आणखी. सातव्या पानावर सगळी मोटारींच्या शर्यतीची नावं होती. मधल्याच एका नंबरवर शर्यत लागली नाही. हिरवा पडदा आला, त्यावर निळा नाला आणि टोपीवाला. अगदी तसाच. पांढरी मेंढरं एकामागून एक आत येऊ लागली आणि मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली.

मी टीव्ही बंद केला. फोन उचलून ड्रायव्हरला सांगायला हवं होतं. तो तेव्हा कुठं रस्त्यावर असेल, असं कारण मी स्वतःला दिलं. रविवारी सांगू म्हणालो. रविवारी मिस्त्रीनं विचारलं, "आली का रे मेंढरं?" आणि सगळ्यांबरोबर मी हसलो.

हे मी पुढचे काही रविवार करत राहिलो. वर, पान लवकर संपू नये म्हणून प्रत्येकाला दोन-दोन बाऱ्या द्याव्यात, असंही सुचवलं. "सरांना लय गोडी लागली," ड्रायव्हर म्हणाला. त्याला माझं कौतुक वाटत होतं.

शेवटी सातवं पान आलंच. दुकानदारानं नावं वाचली आणि मांडीवर थाप मारली. "ह्या समद्या शर्यती. मागच्या पानावर ह्याच होत्या. हे पान गाळा. उगं कशाला?"

मिस्त्री म्हणाला, "गाळा. नियम काय सरकारनं केलाय का?"

मी बोललो नाही. बोललो नाही, हेच सांगायला मी हे लिहितो आहे. माझ्या डोक्यात आलं की पान गाळलं तर गेम कधीच सापडणार नाही, आणि शोध चालूच राहील. किती सोयीचं होतं ते.

तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "गाळा. आन् खरं सांगू का, आता सोडूनच द्या. माझंच काय तरी चुकलं आसंल. तवा मी लहान व्हतो, सकाळपासून पोटात काय नव्हतं. बायको म्हनती, सपान पडलं आसंल तुमाला. मलाबी आता तसंच वाटायलंय."

मिस्त्री त्याला चिडवेल असं वाटलं. त्यानं चिडवलं नाही. तो स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावत बसला. पोरांनी वर्षानुवर्षं थापाड्या म्हटलं तरी ज्यानं आपलं पाहिलेलं सोडलं नव्हतं, तो माझ्या खोलीत, माझ्या समोर ते सोडत होता.

मी रिमोट घेतला. खेळायच्या बटणांच्या डबीला आम्ही रिमोटच म्हणतो. बाण खाली नेला आणि तो नंबर दाबला. आधी सूर आला, मग हिरवा पडदा. ड्रायव्हर उठून टीव्हीच्या इतक्या जवळ गेला की आम्हाला त्याची पाठच दिसत होती.

"हेच," तो म्हणाला. "हेच हाय. ही बघा मेंढरं. बघा की!"

"आयला," मिस्त्री म्हणाला. "आली की रे!"

दुकानदारानं ड्रायव्हरच्या पाठीत गुद्दा घातला. दोघं लहान पोरांसारखे ओरडले. मी रिमोट ड्रायव्हरच्या हातात दिला. तो खेळायला लागला, आणि मग दुकानदार माझ्याकडं वळला. हिशोबाचा माणूस. "पर सर," तो म्हणाला, "तुमी तर सरळ त्याच नंबरावर गेले."

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. तो मी जाऊ दिला, याचं श्रेय मला नको. खोटं सुचलंच नाही.

"कवापासनं ठावं हाय?" ड्रायव्हरनं विचारलं. त्याची नजर पडद्यावरच होती.

"काही रविवार झाले," मी म्हणालो. "मला वाटलं, सापडलं की तुम्ही यायचं बंद कराल."

त्यानं रिमोट टेबलावर ठेवला. आपटला नाही, हळूच ठेवला. राखणारं कुणी नसल्यामुळं मेंढरं नाल्यात जाऊ लागली. तो चपला घालून जिना उतरला. मिस्त्रीनं टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "सर, आमी हसत व्हतो ते न कळता. तुमी कळून हसले."

पुढच्या रविवारी ड्रायव्हर आला नाही. सुशीला चौघांचीच झाली होती. बायकोनं उरलेली परत नेताना माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इथं काय बसलात?"

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीनं गेलो. तो टेम्पोतून कांद्याची पोती उतरवून घेत होता. मला पाहून म्हणाला, "बाजूला व्हा सर, पोतं लागंल." सगळी पोती उतरेपर्यंत मी बाजूला उभा राहिलो. मग त्यानं हात पुसले.

"माफ करा, भाऊ," मी म्हणालो.

"माफीचं ऱ्हाऊ द्या. तुमी हसले त्याचं मला काय न्हाई, जग हसतंय. पर मी सोडून द्या म्हणेपस्तोर तुमी थांबले." तो रिकाम्या टेम्पोच्या कडेला टेकला. "आन् यायचं बंद? मी काय मेंढरांसाठी येत व्हतो व्हय? मेंढरं तर घरी हायेत."

मग समोर बोट दाखवत तो म्हणाला, "एक करा. ते हाटेल दिसतंय का? माझ्या वर्गातले तिथंच बसत्यात अजून. टीव्ही तिथं आणा. दाखवा त्यांना. टेम्पो मी देतो."

पुढच्या बाजाराला आम्ही चौघांनी तो पोटाचा टीव्ही गोधडीत गुंडाळून आणला आणि हॉटेलातल्या बाकावर मांडला. चार-पाच जण बसले होते. धोतरातले कुणी, पँटमधले कुणी, सगळे आमच्याच वयाचे. मिस्त्रीनं वायरी जोडल्या. हिरवा पडदा आला, मेंढरं आली. ड्रायव्हर टीव्हीच्या शेजारी उभा होता, साक्षीदारासारखा.

"हे बघा," तो म्हणाला. "मी सांगितलं व्हतं न्हाई का?"

"कवा?" एकानं विचारलं.

"शाळंत. चौथीत. तुमी मला थापाड्या म्हनत व्हते."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "न्हाई बा," दुसरा म्हणाला, अगदी मनापासून. "तुला कोन कशाला थापाड्या म्हनंल? तू तर लय गरीब गाय व्हता." तिसरा तोवर रिमोटकडं हात पसरून बसला होता. "सरका, मला बघू द्या. ह्यात कुत्रं न्हाई का? कुत्र्याबिगर मेंढरं कशी राखायची?" मग बाऱ्यांवरून भांडणं लागली. चहावाल्यानंही एक बारी घेतली आणि सगळी मेंढरं नाल्यात घातली. सगळे हसले, ड्रायव्हरही हसला. पण मी त्याच्याकडंच बघत होतो. तो पुन्हा पुन्हा त्या चेहऱ्यांवर काहीतरी शोधत होता, आणि ते तिथं नव्हतं.

दिवस कलला तसे आम्ही परत निघालो. मिस्त्री आणि दुकानदार मागं टीव्ही धरून बसले होते, मी ड्रायव्हरच्या शेजारी.

"सर," मग तो म्हणाला, "ते मला म्हनत व्हते. थापाड्या. खरंच म्हनत व्हते."

"म्हणतच असणार."

"तुमाला काय ठावं? तुमी कुटं व्हते तवा?"

"नव्हतो," मी म्हणालो. "पण तुम्ही सांगताय ना."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग समोर उसाची गाडी आली, आणि त्यानं टेम्पो हळूच कडेला घेतला.