पिंजऱ्यावरची परात

सिस्टरांच्या दारावर थाप मारली की आतून आधी यायचं, "थांबा!" मग पंखांची फडफड, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी दार टीचभर उघडायचं आणि फटीतून एक डोळा आपल्याला बघायचा. खांद्यावर टॉवेल. "या, पण हळू. आत्ता राजाची पाळी आहे."

देवळाली कॅम्पात त्या आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. दवाखान्यात नर्स, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. बाई धीराची. न्हाणीत साप निघाला तेव्हा त्यांनी त्याच्यावर बादली उपडी घातली होती. मी, दोन मुलांचा बाप, तेवढा वेळ पलंगावर उभा होतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि गंडेदोरे, नजर, नवस यांचा त्यांना भारी राग. तान्ह्या पोरांच्या मनगटांतले काळे दोरे त्या सरळ कात्रीने कापून टाकायच्या. "भीती विकत आणून पोराला बांधता होय गं?" म्हणून आयांना झापायच्या.

तुम्हीही अशा खमक्या बाया पाहिल्या असतील. पण या बाईला दोन पोपटांच्या भांडणाची इतकी भीती वाटायची, की बघणाऱ्याला हसू यावं. मला सुरुवातीला यायचं.

राजा त्यांचा स्वतःचा, जुना आणि तिरसट. सोन्या परक्याचा. पलीकडच्या लाईनीतला एक जवान, निफाडकडचा, सरहद्दीवर निघाला तेव्हा पिंजरा घेऊन दारात आला. बायकोला त्याने गावी धाडलं होतं. म्हणाला, "सिस्टर, मी येईस्तोवर एवढा सांभाळा. लय गुणाचा हाय."

गुणांची चौकशी राजाने केलीच नाही. पहिल्या दिवशी दोघांना एकत्र मोकळं सोडलं आणि राजाने पाहुण्याची शेपटी उपटली. तेव्हापासून पाळ्या लागल्या. सकाळी राजा बाहेर, दुपारी सोन्या. दाणे दोघांना एकदमच, दोन हातांनी. एकाला आधी मिळाले की दुसरा घर डोक्यावर घ्यायचा. तरी एक धोका उरलाच. बाहेरचा पोपट उडून आतल्याच्या पिंजऱ्यावर बसायचा, आणि आतला खालून त्याचा पाय धरायला टपलेला. म्हणून सिस्टरांनी आतल्याच्या पिंजऱ्यावर पितळी परात पालथी घालायला सुरुवात केली.

"पोपटच तर आहेत, सिस्टर," मी एकदा म्हणालो.

"चोच बघितलीत का, भाऊ? बोट तोडते. आणि तो दुसऱ्याचा जीव आहे."

मग सरहद्दीवर लढाई सुरू झाली. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून आम्ही खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवले. जवानाची काहीच खबर नव्हती. सिस्टर बाजारात भेटेल त्या फौजी बाईला विचारायच्या आणि घरी येऊन सोन्याचे दाणे निवडत बसायच्या. माझं हसणं तेव्हाच थांबलं. संध्याकाळी भिंतीपलीकडून फडफड ऐकू आली की मीही भिंतीला कान लावायचो.

एका रविवारी दुपारी सरावाच्या तोफा सुरू झाल्या. आमच्याकडे तोफांनी भांडी हलायचीच, माणसं दचकत नसत. पण पहिल्याच आवाजाला शेजारून किंकाळी आली, पोपटाची, आणि पाठोपाठ सिस्टरांची. "भाऊ! धावा!"

बाजरीचं पीठ मळायला त्यांनी परात खाली घेतली होती. सोन्या बाहेर होता. तोफेला घाबरून तो उडाला आणि बसला तो नेमका राजाच्या उघड्या पिंजऱ्यावर. राजाने खालून त्याचं बोट धरलं होतं आणि सोडत नव्हता. सोन्या उलटा लोंबकळत पंख आपटत होता. सिस्टरांनी तांब्याभर पाणी राजाच्या तोंडावर मारलं तेव्हा कुठे चोच उघडली. बोट गेलं होतं.

"धरा त्याला!" त्यांनी टॉवेल माझ्या अंगावर टाकला. मी कसा धरला, मला सांगता येणार नाही. टॉवेलातून त्याचं काळीज माझ्या तळव्याला धडधडताना लागत होतं आणि फरशीवर रक्ताचे थेंब पडत होते. सिस्टरांनी परातीतलं कोरडं पीठ चिमटीत घेऊन जखमेवर दाबलं. निम्मं पीठ फरशीवर सांडलं. एवढी बाळंतपणं केलेले हात.

"एवढ्याशा जिवात रक्त असतं तरी किती, भाऊ? हा गेला ना, तर तिकडे तोही गेला."

"सिस्टर, असं कुठं असतं का?"

"नसतं. मी काय लोकांना उगाच झापते? नसतंच." पीठ दाबलेली चिमूट त्यांनी हलवली नाही. "पण मला भीती वाटते, तिला काय करू?"

बाहेर तोफा चालूच होत्या. प्रत्येक आवाजाला आम्ही तिघंही दचकत होतो.

रक्त थांबलं. सोन्या जगला. लढाई संपली, काचांवरचे कागद निघाले, तरी जवानाचा पत्ता नव्हता. सिस्टर आता भाकरी ताटात थापायच्या. पिठासाठी परात पुन्हा कधी खाली आली नाही.

उन्हाळ्यात तो आला. वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. सिस्टरांनी त्याला बसू दिलं नाही, पाणी विचारलं नाही. सोन्याला मुठीत धरून त्याचा पाय पुढे केला. "हे बघा. एक बोट कमी आहे. माझ्या हातून झालं."

जवानाने पाय पाहिला. मग खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि दोन्ही पाय त्यांच्यासमोर ठेवले. "माझी समदी जाग्यावर हायेत, सिस्टर. मोजून घ्या."

सिस्टर खरंच खाली वाकल्या. मोजता मोजता रडायला लागल्या.

सोन्या जवानाबरोबर गेला, त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सिस्टर गेल्या तेव्हा राजा माझ्याकडे आला, सोबत पिंजरा आणि त्यावरची परात. आमच्या घरात दुसरा पोपट नाही, कधी येणारही नाही. चांगली पितळी परात फुकट अडकून पडली म्हणून बायको कुरकुरते. तिचं बरोबर आहे. पण तोफा सुरू झाल्या की मी हातातलं काम टाकून उठतो आणि परात जागेवर आहे ना, ते बघून येतो.