कडूबाईची पेंढी

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी राणीसावरगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो. पुस्तकात 'शीफ' हा शब्द आला. अर्थ दिला होता, कापलेल्या धान्याची बांधलेली पेंढी. कागदांच्या जुडीलाही तोच शब्द चालतो, अशी खाली भर. एवढ्या ज्ञानावर मी उंटावरचा शहाणा बन्सीधर पाटलांच्या गव्हात गेलो आणि कापणीला आलेल्या कडूबाईला तो शब्द ऐकवला.

कडूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. हातातला विळा न थांबवता तिने विचारलं, "अन् त्यांच्यात ती पेंढी उचलतं कोन?"

पुस्तकात ते नव्हतं. पण तिने विचारलं ते उगाच नाही, गावची चालच तशी होती. दिवसभराच्या कापणीची मजुरी म्हणजे एक पेंढी. बाईने ती हवी तेवढी मोठी बांधावी, पण एकटीनेच उचलून डोक्यावर घ्यावी. दुसऱ्याचा हात लागला की पेंढी मालकाची. कडूबाईची पेंढी सगळ्यांत दांडगी असायची आणि ती तो तोरा गावभर मिरवायची. मला तिचा तोरा फार आवडायचा.

त्या सुगीत तिची लेक दैवशाला बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात खाणारं तोंड वाढलं, म्हणून एका संध्याकाळी कडूबाईने नेहमीपेक्षाही मोठी पेंढी बांधली. गुडघा टेकून जोर लावला. पेंढी हलली नाही. पुन्हा लावला. मी पुढे झालो तर माझ्यावरच खेकसली, "मास्तर, हात लावायचा न्हाई!"

बन्सीधर पाटील भला माणूस. बैलांकडे बघायचं निमित्त करून त्यांनी पाठ फिरवली. कुणी हात दिलाच, तर आपण पाहिला नाही म्हणायला मोकळे.

"मालक, इकडं बगा," कडूबाई म्हणाली. "तुमी पाठ फिरवल्यानं पेंढी हलकी होत न्हाई."

तिने बंद सोडला, दोन कवळे, म्हणजे दोनदा कवेत मावेल एवढा गहू काढून बाजूला ठेवला, उरलेली पेंढी आवळली आणि उचलली. कुणाकडे न बघता चालू लागली.

पाटलांनी ते दोन कवळे गोळा केले. "कडूबाई, ह्यो गहू आता माजा ना?"

"तुमचाच की."

"मग माजा गहू मी कुटंबी नेईन."

आणि आख्ख्या गावाचा पाटील डोक्यावर गव्हाचा भारा घेऊन आपल्या मजूर बाईच्या मागे निघाला, थेट तिच्या दाराकडे, दैवशाला होती तिथे. वाटेवरची माणसं बघतच राहिली.

कडूबाईने सगळं ओळखलं होतं. पण ती दारापर्यंत वळली नाही. तिथे पेंढी उतरवली, पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि मग म्हणाली, "नीट धरा की मालक, ओंब्या गळायल्यात!"